काठ की पट्टे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



आपल्या सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वांचं अभिनंदन. या व्याख्यानमालेत पहिल्या दिवशी पाण्यावर बोलणं झालं, दुसऱ्या दिवशी आरोग्यावर. तिसरा दिवस माझ्याकडं आला. सचिवांनी विषय विचारला. मी म्हणालो, “गोगलगाय.” ते म्हणाले, “सर, रौप्यमहोत्सवाला गोगलगाय?” मी म्हणालो, “तुमची तक्रारींची फाईल काढा आणि मागच्या दोन पावसाळ्यांतले अर्ज मोजा.” त्यांनी मोजले. पाण्याच्या मोटारीखालोखाल सगळ्यात जास्त अर्ज गोगलगायींचे निघाले. मग विषय मंजूर झाला.

संचालक मंडळानं ठरवलंय की या पावसाळ्यात दर रविवारी गोगलगाय मोहीम घ्यायची आणि मुलांना प्रत्येक गोगलगायीमागं एक रुपया बक्षीस द्यायचं. मोहिमेला माझा पाठिंबा आहे. फक्त पहिला रुपया वाटण्याआधी तासभर मला द्या, एवढीच विनंती मी केली होती. कारण गोगलगाय म्हणजे सगळी एकच नव्हे. त्यातली एक जात आपल्या बागांची आणि आसपासच्या शेतांची वैरीण आहे. बाकीच्या बहुतेक इथल्याच, आपल्या मातीतल्या आहेत. मोठी झाल्यावर ती वैरीण कोणीही ओळखतं. पण तिला लहानपणीच ओळखता आलं पाहिजे, आणि ते कसं, हेच आज सांगायचं आहे.

आधी थोडी ओळख. आपल्याकडं म्हण आहे, ‘गोगलगाय अन् पोटात पाय’. वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून भलत्याच असलेल्या माणसाला आपण असं म्हणतो. गंमत अशी की जीवशास्त्रातही या प्राण्यांच्या वर्गाचं नाव तेच आहे. त्यांना उदरपाद म्हणतात, म्हणजे पोटाशी पाय असलेले. एकच रुंद पाय, तोही पोटाखाली. आपल्या म्हणीनं आणि शास्त्रानं वेगवेगळ्या वाटेनं येऊन एकच गोष्ट पाहिली.

आपल्या अर्जांमधली मोठी, तळहाताएवढी होणारी, तपकिरी शंखाची गोगलगाय आहे, तिला शेतीखात्याच्या पत्रकांत ‘शंखी गोगलगाय’ म्हणतात. इंग्रजी नावात तिचं मूळ गाव आहे, आफ्रिका. पूर्व आफ्रिकेतली ही मूळ रहिवासी. ती भारतात आली १८४७ मध्ये. विल्यम बेन्सन नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. त्याला शंख-शिंपले जमवण्याचा नाद. मॉरिशसहून येताना त्यानं या जातीच्या जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या. पुढं त्या एका स्नेह्याकडं दिल्या आणि त्या स्नेह्यानं चौरंगी भागातल्या बागेत सोडून दिल्या. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. शोभेची वस्तू बागेत ठेवावी, तसं झालं.

आता विचार करा, कलकत्ता कुठं आणि वडवणी कुठं! गोगलगाय एका रात्रीत सरकून सरकून किती सरकणार? काही मीटर. तिनं हा देश पायी पार केलेला नाही. तिला आपण आणलं. रोपांच्या पिशवीतून, कुंडीच्या मातीतून, शेणखताच्या ट्रॉलीतून, भाजीच्या क्रेटमधून ती पुढं पुढं सरकत आली. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या बोलण्याच्या शेवटी मी याच मुद्द्यावर येणार आहे.

२०२२ चा खरीप आठवा. त्या जून-जुलैमध्ये लातूर, तेव्हाचं उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव, आणि आपला बीड जिल्हा, या पट्ट्यात सोयाबीनवर शंखी गोगलगायी तुटून पडल्या. पेरलेलं उगवून वर आलं की रात्रीत कोंब गायब. शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, काहींना तिबार. शेवटी राज्य सरकारला या तीन जिल्ह्यांसाठी गोगलगायीच्या नुकसानीची खास मदत जाहीर करावी लागली. दुष्काळाची मदत आपल्याला माहीत आहे, गारपिटीची माहीत आहे. गोगलगायीची मदत आपण पहिल्यांदाच ऐकली.

माझ्या मेहुण्यांचं शेत अंबाजोगाई तालुक्यात आहे. ते त्या वर्षी रात्री बॅटरी घेऊन शेतात जायचे आणि घमेल्यानं गोळा करायचे. मी विचारलं, “भाऊजी, किती निघाल्या?” ते म्हणाले, “मोजायचं सोडून दिलं. पण एक सांगतो, मागच्या वर्षी बांधावर चार-दोन दिसल्या होत्या. लेकरं खेळायला घेत होती. तवा कळलं असतं तर!”

त्यांच्या त्या ‘तवा’ शब्दात सगळं आलं. ‘तवा’ म्हणजे नेमकं केव्हा, ते समजून घेऊ.

ही गोगलगाय एका वेळी १०० ते ४०० अंडी घालते, आणि वर्षातून अनेक वेळा घालते. नर वेगळा, मादी वेगळी असा प्रकारच नाही. प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते, म्हणजे प्रत्येक जण अंडी घालू शकते. एकदा समागम झाला की बीज ती महिनोन् महिने अंगात साठवून ठेवते. म्हणून कुंडीतून एकटी आलेलीही वस्ती वसवू शकते. अंडी फिकट पिवळसर, साबुदाण्यासारखी, ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी. भुसभुशीत ओल्या मातीत, चार-पाच बोटं खाली, पुंजक्यानं असतात. आठ-पंधरा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात आणि सहा महिन्यांच्या सुमारास पुढची पिढी अंडी घालायला तयार.

उन्हाळा तिला मारेल, असं आपल्याला वाटतं. मराठवाड्याचा उन्हाळा भल्याभल्यांना पुरून उरतो. पण ही बाई हुशार. ती मातीत किंवा दगडाच्या फटीत शिरते, शंखाचं दार पांढऱ्या पापुद्र्यानं लिंपून घेते आणि महिनोन् महिने झोपून राहते. मृगाचा पहिला पाऊस पडला की पापुद्रा फोडून बाहेर.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९६६ मध्ये एका लहान मुलानं हवाईहून येताना अशा तीन गोगलगायी आणल्या. आजीनं त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत तीनच्या १८,००० वर गेल्या. त्या निपटायला सरकारला जवळजवळ १० वर्षं लागली आणि १० लाख डॉलर खर्च झाला. १९७५ मध्ये संपल्याचं जाहीर केलं. पुढं २०११ मध्ये तिथं पुन्हा सापडल्या, तर पुन्हा १० वर्षं मोहीम चालली, हुंगून शोधणारी कुत्रीसुद्धा कामाला लावली. तीन गोगलगायी होत्या तेव्हा एका आजीच्या एका हाताचं काम होतं.

तर ‘तवा’ म्हणजे पिल्लू असताना. मोठी झाली की तिनं अंडी घातलेली असतात. मग आपण एक उचलतो आणि चारशे मागं राहतात.

आता मुख्य काम. पिल्लू ओळखायचं कसं?

माझ्या हातात हा मोठा शंख आहे. रिकामा आहे, धुवून, उकळून घेतलाय, घाबरू नका. मुलांनो, सांगा, या शंखाचा सगळ्यात जुना भाग कोणता? तोंड? नाही. टोक! गोगलगाय अंड्यातून बाहेर येते तीच शंख घेऊन. इवलासा असतो. मग ती वाढते तसतशी तोंडाच्या कडेला नवा चुना चढवत जाते आणि शंख गोल गोल फिरत मोठा होतो. जुना भाग ती फेकून देत नाही. तो टोकाला तसाच राहतो. म्हणजे प्रत्येक म्हाताऱ्या गोगलगायीच्या शेंड्यावर तिचं बाळपण बसलेलं आहे. पिल्लू कसं दिसतं हे पाहायचं असेल तर मोठ्या शंखाचं टोक पाहा. टोक कधी झिजून पांढरं पडलेलं असतं, म्हणून चांगला शंख निवडावा.

तो चुना येतो कुठून? खाण्यातून, मातीतून, आणि हो, आपल्या कंपाउंडच्या भिंतीवरूनही. भिंतीला चिकटलेल्या गोगलगायी पाहून आपल्याला वाटतं त्या वाट चुकल्या. त्या चुना खरवडत असतात.

आता शंखावरची नक्षी. हे समजायला मला साडीची मदत घ्यावी लागेल. साडी विणताना मागावर जे लांब धागे ताणून बसवलेले असतात तो ताणा, आणि धोट्यातून इकडून तिकडं फिरतो तो बाणा. ताण्यात एका बाजूला लाल धागे लावले की माग चालेल तोवर त्या जागी लाल रंग येत राहतो. सलग काठ तयार होतो, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. पण धोट्यातला धागा बदलला तर काय होतं? तेवढ्यापुरता पट्टा येतो. पुन्हा पहिला धागा घेतला की पट्टा संपतो.

गोगलगायीचा शंख असाच विणला जातो. तिच्या अंगाची मऊ कड शंखाच्या तोंडाशी असते, पुस्तकात तिला प्रावार म्हणतात. ती कड म्हणजे तिचा माग. त्या कडेवर एखाद्याच जागच्या पेशी कायम रंग सोडत राहिल्या, तर शंखाच्या वेढ्याबरोबर गोल गोल फिरणारी एक सलग रेघ तयार होते. मी तिला काठ म्हणतो. आणि सगळ्या कडेनं मिळून थोडा वेळ रंग सोडला, मग थांबली, मग पुन्हा सोडला, तर वेढ्याला आडवे छेद देणारे पट्टे तयार होतात. शंख टोक वर करून धरला तर हे पट्टे वरून खाली उभे दिसतात, जरा वाकडेतिकडे, वाघाच्या अंगावर असतात तसे. शंखी गोगलगायीच्या अंगावर हे पट्टे असतात. पिवळसर पांढऱ्यावर तपकिरी.

आपल्या दख्खनच्या भागातल्या ज्या स्थानिक गोगलगायी बागेत दिसतात, त्यांतल्या काहींना काठ असतो, फिरत जाणारी एक किंवा दोन तपकिरी रेघा. काहींना काहीच नसतं, नुसता मधाच्या रंगाचा चकचकीत शंख.

म्हणून मुलांसाठी पहिला नियम सोपा करून सांगतो. काठ दिसला तर सोडा, साधी चकचकीत असेल तर सोडा, पट्टे दिसले तर मला किंवा मोठ्यांना हाक मारा.

पण एवढ्यावर थांबून चालणार नाही. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू ज्वारीच्या दाण्याएवढं असतं. त्याच्या पहिल्या वेढ्यांवर पट्टे नसतात किंवा इतके फिकट असतात की दिसत नाहीत. विणकाम आत्ता कुठं सुरू झालंय, नक्षी कुठून येणार? म्हणून आणखी दोन खुणा लक्षात ठेवायच्या.

दुसरी खूण आकाराची. शंख टोक वर करून धरा. शंखी गोगलगायीचं पिल्लू गुबगुबीत असलं तरी रुंदीपेक्षा उंच असतं, टोकाकडं निमुळतं. आपली मधाच्या रंगाची गोगलगाय चपटी असते. जमिनीवर ठेवलेली भाकरी आणि शेवया ठेवायची टोपली यांत जो फरक, तो यांच्यात. काठवालीही मोठ्या गोगलगायीच्या मानानं बसकीच.

तिसरी खूण सगळ्यात भरवशाची, पण ती पाहायला भिंग हवं, किंवा मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पाहा. शंख उलटा धरून तोंडात पाहिलं तर मधोमध एक खांब दिसतो. गोल जिन्याच्या मधे खांब असतो ना, तसा. सगळा शंख त्याच्याभोवती फिरलेला असतो. बाकीच्या बागेतल्या बहुतेक गोगलगायींत हा खांब खाली येऊन तोंडाच्या कडेत सहज मिसळून जातो. शंखी गोगलगायीत तो खाली एकदम तुटतो, विळ्यानं कापल्यासारखा. आणि ही खूण पिल्लापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांत असते. पट्टे फिकट असोत, झिजलेले असोत, खांब खोटं बोलत नाही.

आता फसवणारी मंडळी सांगतो, नाहीतर पहिल्याच रविवारी तुम्ही माझ्या दारात रांग लावाल.

पहिली फसवी, कुंडीतली दाभण. कुंडीची माती उकरली की एक सेंटिमीटरपेक्षाही लहान, बारीक, लांबट, काचेसारखी गोगलगाय निघते. निमुळती आहे म्हणून ती पिल्लू वाटते. पण ती नीट पाहा. दाभणासारखी सडपातळ, वेढे पुष्कळ, अंगावर पट्टे नाहीत. तेवढ्याच लांबीचं शंखी गोगलगायीचं पिल्लू हिच्यापेक्षा चांगलंच जाड भरेल. दाभणवाली मोठी होऊनही एवढीच राहते.

दुसरी फसवी, वाळूतली. बांधकामाला नदीची वाळू येते. आपल्या सोसायटीत गेल्या २५ वर्षांत किती ब्रास आली असेल, हिशेब नाही. त्या ढिगात शंख सापडतात. काही गोलसर आणि काठवाले, काही लांब, टोकदार, खडबडीत, तपकिरी ठिपक्यांचे. ते पाण्यातल्या गोगलगायींचे शंख. जिवंत असताना त्यांच्या दाराला कायमचं झाकण असतं, डब्याच्या झाकणासारखं. जमिनीवरच्या आपल्या बागेतल्या गोगलगायींना असं झाकण नसतं, फक्त झोपताना लिंपलेला पापुद्रा. वाळूतले शंख खुशाल खेळा.

तिसऱ्या, शंख नसलेल्या शेंबी. त्या रोपं कुरतडतात, त्रास देतात, पण त्यांचा विषय वेगळा. त्यांच्या शंखावर बोलायला शंखच नाही.

आता कुणीतरी म्हणेल, सर, एवढी बारीक चौकशी कशाला? सगळ्याच मारून टाकू. सुंठीवाचून खोकला गेला.

नाही जाणार. ऐका. हवाई बेटांवर याच आफ्रिकन गोगलगायीचा उच्छाद झाला होता. १९५५ मध्ये तिथं एक उपाय केला. गोगलगायींनाच खाणारी दुसरी गोगलगाय बाहेरून आणून सोडली. तिला काठ आणि पट्टे यांच्याशी देणंघेणं नव्हतं. आफ्रिकन गोगलगायी राहिल्या, आणि त्या बेटांवरच्या झाडांवर राहणाऱ्या सुंदर, छोट्या गोगलगायी, ज्या जगात दुसरीकडं कुठंच नव्हत्या, त्यांच्यातल्या कितीतरी जातींचा फडशा पडला. त्यांच्यातल्या एका जातीचा शेवटचा जीव संशोधकांनी पेटीत सांभाळला होता. त्याचं नाव जॉर्ज ठेवलं होतं. १ जानेवारी २०१९ ला जॉर्ज मेला आणि ती जात संपली. न पाहता केलेल्या बंदोबस्ताचा असा शेवट होतो.

आपल्या स्थानिक गोगलगायी कुजका पाला खातात आणि त्याची माती करायला मदत करतात. कधी कोवळं पानही खातात, मी त्यांना साधू ठरवत नाही. पण त्यांच्यावर जगणारे आहेत. भारद्वाज पक्षी गोगलगायी खातो. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं आपण म्हणतो, आणि त्याचं ताट आपणच उपडं करतो. काजवा सगळ्यांना आवडतो, पण काजव्याची अळी गोगलगायींवर वाढते हे फार जणांना माहीत नाही. शिवाय मुलं मिठाची पिशवी घेऊन वाफ्यात ओततात, हे मी पाहिलंय. मीठ मातीत मुरतं. गोगलगाय एक मरते, वाफा मात्र खारवून जातो.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या सोसायटीत एक माळकरी आजी आहेत. नाव घेत नाही, त्या इथंच बसल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात रोज पहाटे त्या आपल्या दारातल्या गोगलगायी चिमट्यानं डब्यात भरायच्या आणि मागच्या नाल्यापलीकडं नेऊन सोडायच्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, “सर, गळ्यात माळ हाय. जीव मारवत न्हाई. पलीकडं सोडते, तिकडं जगतील बापड्या.”

मी त्यांना उत्तर लगेच देऊ शकलो नाही. नाल्यापलीकडं सोयाबीन आहे, कापूस आहे. ते रान आपल्यातल्याच एका सभासदांच्या भावकीचं आहे. आजींची दया खरी आहे. पण ती दया पलीकडच्या घरातल्या पेरणीवर जाऊन बसते. दोन दिवसांनी मी आजींकडं गेलो आणि हे दोन शंख त्यांच्यासमोर ठेवले, काठाचा आणि पट्ट्याचा. म्हणालो, “आजी, काठाची आणि साधी तुम्ही खुशाल सोडा, इथंच पाल्यात सोडा. पट्ट्याची माझ्याकडं द्या. आणि पट्ट्याची अंडी सापडली तर पिल्लू व्हायच्या आधी कळवा.” आजी बराच वेळ शंख फिरवून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी मारायचंच.” मी म्हणालो, “होय आजी. पण आता मारलं तर एक पुंजका. नंतर मारायचं तर घमेल्यानं.” त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात दोन डबे यायला लागले, निवडून. शंभरात एखादी चूक नसायची. धान्य निवडणारी नजर ती. आमच्या प्रयोगशाळेत असा विद्यार्थी मला क्वचित मिळाला.

म्हणून संचालक मंडळाला मी पुढील सूचना करतो. त्या ठरावात घ्याव्यात.

एक. सोसायटीच्या ऑफिसात काचेच्या बरणीत नमुने ठेवावेत, स्वच्छ केलेले रिकामे शंख. पट्ट्याचा, काठाचा, मधाच्या रंगाचा, दाभणाचा आणि वाळूतला. शेजारी एक भिंग. शंका आली की नमुन्याशी लावून पाहायचं.

दोन. बक्षीस प्रत्येक गोगलगायीमागं देऊ नका. मुलं काय, जे सोपं सापडेल ते आणतील. बक्षीस ओळखीला द्या. आणि पट्ट्याच्या गोगलगायीच्या अंड्यांचा पुंजका दाखवणाऱ्याला दहा रुपये द्या. तिथं पैसा सत्कारणी लागेल.

तीन. कुणीही उघड्या हातानं गोगलगाय उचलू नये. हातमोजा किंवा चिमटा वापरा. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक जंत असतो, त्याची लेकरं उंदराच्या लेंडीतून गोगलगायीत येतात. तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूला सूज आणू शकतो. म्हणून हात साबणानं धुवायचे, बागेतली पालेभाजी नीट निवडून धुवून घ्यायची. लहान लेकरांना गोगलगाय खेळायला द्यायची नाही.

चार. गोळा करायची वेळ म्हणजे सूर्यास्तानंतर किंवा अगदी पहाटे. दिवसा त्या लपतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याजवळ टाकून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या सापडतात. ओळखून निवडा. पट्ट्याच्या बादलीत, साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात. बादलीत, वाफ्यात नव्हे. नंतर खड्ड्यात पुरून वर चुना टाका. मोठे रिकामे शंख फोडून पुरा, नाहीतर पावसाचं पाणी साचून त्यात डास होतील.

पाच. गोगलगायीच्या विषारी गोळ्या बाजारात मिळतात. शेतात त्या कृषी सहायकांना विचारून वापरणं वेगळं. इथं घराघरांत लेकरं आहेत, कुत्री-मांजरं आहेत, काहींच्या कोंबड्या आहेत. कुत्र्यांना त्या गोळ्या जिवावर बेततात. सोसायटीच्या आवारात त्या टाकू नयेत.

सहा, आणि ही माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी सूचना. बाहेरून आलेली प्रत्येक कुंडी, प्रत्येक रोप, खताची प्रत्येक गोणी तीन आठवडे गेटजवळच्या सिमेंटच्या ओट्यावर वेगळी ठेवा. अंडी असतील तर तेवढ्या दिवसांत फुटतात आणि पिल्लं दिसतात. मगच आत घ्या. आणि इथून आपल्या गावाकडच्या शेतात रोप, माती, खत नेताना तीच तपासणी करा.

कारण आपण सोसायटीत राहत असलो तरी आपल्यातल्या निम्म्याहून जास्त घरांचं एक पाऊल शेतात आहे. शनिवार-रविवारी आपण गावाकडं जातो. जाताना आईनं सांगितलेलं मोगऱ्याचं रोप नेतो, येताना शेतातली काळी माती कुंडीसाठी आणतो. बेन्सननं कलकत्त्यात जे केलं, फ्लोरिडातल्या त्या लेकरानं जे केलं, तेच आपल्या गाडीच्या डिक्कीतून होऊ शकतं. गोगलगाय काही मीटर चालते, बाकीचं अंतर माणूस चालतो.

२५ वर्षांपूर्वी इथं रान होतं. ज्यांनी पहिले प्लॉट घेतले त्यांनी कडुनिंब लावले, घरोघरी बागा झाल्या, वाफे ओले राहू लागले. गोगलगायींना राहावंसं वाटेल अशी जागा आपण तयार केली, हे आपल्या मेहनतीचंच लक्षण आहे. ती जागा राखायचीही आपणच.

येत्या मृगाच्या पहिल्या पावसानंतरच्या रविवारी, संध्याकाळी साडेसातला, ऑफिससमोर जमू. येताना बॅटरी, चिमटा आणि एक झाकणाचा डबा आणा. मुलांना भिंग मी देईन. निवडण्याच्या ताटापाशी आजींना खुर्ची ठेवा. शंका आली तर आधी त्यांना विचारा, मग मला.